जत्रेच्या पडद्यावरची अक्षरे

संपादक महोदय,

कार्तिक पौर्णिमेला सुरू झालेला गोव्यातल्या जत्रांचा हंगाम वैशाखापर्यंत चालतो. आता बऱ्याच देवस्थानांच्या प्रांगणात पालखीचे थेट चित्रण दाखवायला एलईडी भिंत उभी असते. सूचनाही त्याच भिंतीवर येतात. महाप्रसादाची वेळ, चुकलेले मूल, वाटेत लावलेली गाडी, कीर्तनकाराचे नाव, कधी अभंगाचे शब्द. चित्र झकास दिसते. अक्षरांबद्दल मात्र मागे उभ्या असलेल्यांचे म्हणणे ठरलेले, ‘दिसता बरें, पूण वाचूंक जायना.’ मग पुढच्या वर्षी समिती मोठा पडदा मागवते, भाडे वाढते आणि तक्रार तीच राहते. हे पडदे आणि चित्रमिश्रण हेच ज्यांचे काम आहे अशा आम्हा काही जणांना वाटते की दोष कामाच्या क्रमात आहे. आधी सगळा पडदा चित्राला दिला जातो आणि मग त्या चित्राच्या अंगावर अक्षरे कोंबली जातात. अक्षरांची जागा आधी ठरवावी, उरलेली चित्राला द्यावी, एवढे एक उलटे केले तर आहे त्याच पडद्यावर काम होते.

कोटेशनमध्ये ‘१३ बाय ८ फूट’ लिहिलेले असते. त्यावरून अक्षराचा काहीच अंदाज येत नाही. भाड्याने सर्रास मिळणारा पडदा पी ३.९१ जातीचा, म्हणजे लगतच्या दोन ठिपक्यांमधले अंतर ३.९१ मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या चौरस कॅबिनेटमध्ये १२८ गुणिले १२८ ठिपके बसतात. आडवे आठ आणि उभे पाच कॅबिनेट लावले की ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच भिंत होते. हेच ते १३ बाय ८ फूट. ठिपके मोजले तर १०२४ गुणिले ६४०. खिशातल्या साध्या मोबाईलच्या स्क्रीनवर याहून जास्त असतात!

कॅमेऱ्याचे आणि लॅपटॉपचे चित्र १९२० गुणिले १०८० असते. ते या भिंतीवर बसवताना ५३ टक्क्यांवर येते. माणसाचा चेहरा त्याने बिघडत नाही, अक्षर बिघडते. लॅपटॉपवर दोन ठिपके जाडीची रेघ भिंतीवर जेमतेम एका ठिपक्याची होते, तीही शेजारच्या ठिपक्यात सांडलेली, मळकट. सगळ्यात आधी अनुस्वार जातो. ‘दिंडी’ची ‘दिडी’ होते, ‘मंदिर’चे ‘मदिर’. मग ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’च्या पोटातली पोकळी बुजते आणि तिथे नुसता पांढरा डाग उरतो.

आता याच भिंतीचा हिशेब नीट पाहा. कॅमेऱ्याचे चित्र १६:९ प्रमाणाचे. १०२४ रुंदीला त्याची उंची ५७६ होते. भिंतीची उंची ६४०. म्हणजे ठिपक्यांच्या ६४ ओळी मोकळ्या राहतात, पाव मीटर उंचीची अख्खी पट्टी. बहुतेक ठिकाणी ती ‘रिकामी बरी दिसत नाही’ म्हणून चित्र उभे ताणून भरली जाते. त्याने भटजी उंच आणि पालखी अरुंद दिसते, आणि सूचनेला जागा राहत नाही ती राहत नाहीच. तीच पट्टी अक्षरांना द्या.

पट्टी खाली ठेवण्याची रीत टीव्हीवरून आली. टीव्हीसमोर कुणी उभे नसते. जत्रेत पुढे माणसे उभी, त्यांच्या खांद्यावर पोरे, मध्येच अब्दागीर. भिंतीचा पाया दोन मीटर उचललेला असला तरी मागच्याला खालचा फूटभर भाग दिसेलच असे नाही. त्यामुळे उघड्या प्रांगणात पट्टी वर असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सभागृहात, उतरत्या खुर्च्यांसमोर, खाली ठेवायला हरकत नाही.

अक्षर केवढे हवे, याला एक सोपा आडाखा आहे. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची, मात्रा आणि उकार सोडून, दर दहा मीटर अंतरामागे चार सेंटिमीटर धरावी. रोमन कॅपिटल याहून लहान चालतात, देवनागरीत एका अक्षराच्या अंगावर फार काही चालू असते. तीस मीटरवरच्या माणसाला बारा सेंटिमीटर, म्हणजे पी ३.९१ वर साधारण ३० ठिपके. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांना १६-१७, खाली उकार आणि जोडाक्षराच्या पायाला तितकेच. मजकुराची एक ओळ ६४ मध्ये बरोब्बर बसते. दोन ओळींचा मोह धरू नये. लोक साठ मीटरपर्यंत उभे राहणार असतील तर वरची कॅबिनेटची अख्खी रांग, १२८ ओळी, अक्षरांना द्यावी आणि चित्र ९१० गुणिले ५१२ वर आणावे. दोन्ही बाजूंना ५७-५७ ठिपके काळे राहतील. राहू द्या. पालखी कुणाला लहान वाटत नाही.

तीस ठिपक्यांच्या अक्षराने १०२४ च्या रुंदीत, शब्दांमधली जागा धरून, अट्ठावीस ते तीस अक्षरे मावतात. मोठ्या अभंगाचा एक चौक सहा, सहा, सहा आणि चार असा बावीस अक्षरांचा. तो एका ओळीत आरामात उभा राहतो, सरकवावा लागत नाही. भजनाच्या वेळी शब्द सरकते ठेवले तर ते गाणाऱ्याच्या लयीशी भांडतात. पणजीत २००४ पासून दर वर्षी इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्यामुळे स्थिर उपशीर्षक वाचण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहेच. त्याच पद्धतीने चौक संपला की ओळ बदलावी.

चित्रावरच अक्षरे हवीत असा हट्ट असेल तर काय काय बिघडते तेही सांगतो. सोपा समजला जाणारा उपाय ल्युमा की. लॅपटॉपवर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे लिहायची, स्विचर (कॅमेरे आणि लॅपटॉप यांची चित्रे निवडून एकत्र करणारे यंत्र) काळे तेवढे काढून टाकतो आणि अक्षरे कॅमेऱ्याच्या चित्रावर बसतात. दुपारच्या उन्हात समोर पांढरी सोवळी आणि सदरे आले की पांढऱ्यावर पांढरे, सगळे गायब. मग कुणीतरी सुचवतो, अक्षराला काळी किनार द्या. लॅपटॉपवर किनार दिसते, भिंतीवर येत नाही, आणि अर्धा तास केबली तपासण्यात जातो. केबलीचा काही दोष नसतो. स्विचर काळे काढतो, त्यात किनारही काळीच. ती निव्वळ काळी न ठेवता वीस टक्के राखाडी ठेवावी, ‘की’ची क्लिप, म्हणजे किती उजेडाखालचे काढायचे ती मर्यादा, दहा टक्क्यांच्या आसपास आणि गेन, म्हणजे कडेचा कडकपणा, चढा ठेवावा. किनार टिकते, कडा मात्र थोड्या दातेरी होतात.

हिरव्या पाटीवरची क्रोमा की घेतली तर काळी किनार राहते, पण अक्षराभोवती हिरवी झाक येते. व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे रंगाची कड अक्षराच्या कडेवर नेमकी बसत नाही. खरा नेटका मार्ग अक्षरे एका तारेने आणि त्यांचा साचा दुसऱ्या तारेने पाठवण्याचा. पण आपल्याकडच्या चार इनपुटच्या स्विचरात तीन कॅमेरे आणि एक लॅपटॉप लागला की दारे भरतात. ठरीव सूचना आणि देवस्थानचे बोधचिन्ह पारदर्शक पीएनजी करून स्विचरच्या आतल्या साठ्यात ठेवता येते, तेवढे जरूर करावे. बाकी चित्रावर अक्षरे टाकायचीच असतील तर त्यांच्यामागे गडद पट्टा द्या, सत्तर-ऐंशी टक्के काळा. आणि पट्टा दिलाच, तर मग वेगळी पट्टी काय वाईट होती?

वेगळ्या पट्टीला असली कुठलीही ‘की’ लागतच नाही. भिंतीला चित्र पुरवणारा एलईडी प्रोसेसर दोन लेयरचा, म्हणजे दोन चित्रे एकत्र मांडणारा, असेल तर एका खिडकीत स्विचरचे चित्र, दुसरीत लॅपटॉप. तसा नसेल तर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि बाहेरचे चित्र संगणकात घेणारे एक कॅप्चर कार्ड पुरते. मात्र कॅनव्हास (ओबीएसमधली मांडणीची पाटी) १९२० गुणिले १०८० च ठेवावा आणि त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात १०२४ गुणिले ६४० एवढीच मांडणी करावी. वरच्या ६४ ओळींत मजकूर, त्याखाली ५७६ ओळींत कॅमेरा, बाकी सगळे काळे. प्रोसेसरला सांगायचे, शून्य-शून्यपासून १०२४ गुणिले ६४० कापून घे, लहानमोठे काही करू नकोस. लॅपटॉपचा एक ठिपका भिंतीच्या एका ठिपक्यावर पडला की अनुस्वार परत येतो. कॅनव्हासच १०२४ गुणिले ६४० केला तर पूर्ण स्क्रीनवर पाठवताना सॉफ्टवेअर तो फुगवते, प्रोसेसर पुन्हा आकसतो आणि अक्षरे दोनदा मळतात. ही चूक आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त होते. पट्टी काळीऐवजी राखाडी दिसली तर एचडीएमआयची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, तपासावी. लॅपटॉप १६ ते २३५ पाठवतो आणि प्रोसेसर ० ते २५५ समजतो, असे झालेले असते.

या भिंतीची आणखी एक खोड. भिंतीकडे चित्र पाठवणाऱ्या कार्डाच्या एका नेटवर्क केबलीतून साठ हर्ट्‌झला साधारण साडेसहा लाख ठिपके जातात. १०२४ गुणिले ६४० म्हणजे ६,५५,३६०. पाच हजारांसाठी दुसरी केबल. वीस-वीस कॅबिनेट दोन केबलींवर वाटून द्यावेत, एकोणचाळीस एकीवर आणि एक दुसरीवर असली काटकसर करू नये.

शिरोरेषा थरथरते, ही तक्रार आपल्यासारख्या शिरोरेषेच्या लिप्यांची. कॅमेरे आणि स्विचर १०८०आय५० वर ठेवले की चित्र एकाआड एक ओळींनी येते. एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ त्यात सेकंदाला पंचवीसदा उगवते आणि मावळते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, आपल्याकडे शब्दभर शिरोरेषा. सगळी साखळी १०८०पी५० किंवा ७२०पी५० वर, म्हणजे सगळ्या ओळी एकदम येतील अशा पद्धतीवर, न्यावी. पन्नासच का? आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. प्रांगणातल्या दिव्यांची लुकलुक टाळायला कॅमेऱ्याचे शटर एक-पन्नासांशवर ठेवावे लागते. लॅपटॉप मात्र मुळात साठवर असतो. तो तसाच राहिला तर रूपांतरात सेकंदाला दहा फ्रेम गळतात आणि सरकती अक्षरे ठेचकाळत जातात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन पन्नास निवडायचे, दोन मिनिटांचे काम.

सरकता मजकूर अगदी लागलाच तर तो फ्रेममागे पूर्ण ठिपक्यांनी सरकवावा, दोन किंवा तीन. अडीच ठेवले की कडा फुटतात. दोनने सेकंदाला शंभर ठिपके. आता आपल्या सूचनांची भाषा बघा. ‘सर्व भाविकांना कळविण्यात येते की महाप्रसाद दुपारी ठीक साडेबारा वाजता सुरू होईल याची कृपया नोंद घ्यावी.’ पंचेचाळीस अक्षरे, सुमारे दीड हजार ठिपके लांबी. उजवीकडून शिरून डावीकडे पूर्ण निघून जायला पंचवीस सेकंद. मध्येच मान वर केलेल्या माणसाला ‘होईल याची कृपया’ दिसते आणि तो पुन्हा पालखीकडे बघतो. ‘महाप्रसाद दु. १२.३०’ हे एका जागी उभे राहते, साठ मीटरवरूनही वाचता येते. अदब ध्वनिक्षेपकावरून सांभाळता येईल. गाडीच्या सूचनेत क्रमांक आधी, विनंती नंतर. मजकूर किती वेळ ठेवायचा? सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत.

रंगाबाबत समित्यांशी आमचे नेहमी मतभेद होतात. भगवी किंवा लाल अक्षरे शोभतात हे कबूल. पण पांढऱ्या उजेडात डोळ्याला जाणवणाऱ्या तेजाचा वाटा लालकडे जेमतेम २१ टक्के, निळ्याकडे ७, बाकी ७२ हिरव्याकडे. काळ्यावर शुद्ध लाल अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या एक-पंचमांश उजेड, निळे तर विचारूच नका. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही आले, म्हणून काळ्यावर पिवळे दुरून वाचता येते. भगवा हवाच तर पिवळ्याकडे झुकणारा घ्यावा. निव्वळ पांढरे रात्री ऐंशी टक्क्यांवर आणावे, नाहीतर अक्षराभोवती प्रभावळ उठते. दिवसा पाच हजार निट्स (तेजाचे एकक) लागणारी भिंत रात्री आठशे ते हजारावर पुरते.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे, म्हणजे आमंत्रणपत्रिकेसारखी स्लाइड, कधीच लावू नये. दहा चौरस मीटरची भिंत पूर्ण पांढरी झाली की सात किलोवॅटच्या घरात वीज ओढते, एका फेजवर तीस अँपिअर. चालू चित्राला सरासरी तिसरा हिस्सा पुरतो. ध्वनी, दिवे आणि भिंत एकाच जनरेटरवर असतील तर स्लाइड आली रे आली की दिवे मंदावतात, आणि शिव्या ध्वनिवाल्याला बसतात.

फॉण्ट युनिकोडच हवा. समितीचा मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येतो. शीर्षके बनवण्याची काही जुनी सॉफ्टवेअरे अजून जुन्या सांकेतिक फॉण्टांवर चालतात, आणि मजकूर रूपांतरित करताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे उडी मारते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फॉण्टांत तिथे चौकोन येतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांच्या ठळक वजनात काम भागते. बारीक, कलाकुसरीचा फॉण्ट पत्रिकेवर शोभतो, तिथेच ठेवावा. काही छोट्या पडद्यांना मोबाईलच्या ॲपमधून मजकूर पाठवता येतो. तिथे जोडाक्षरे फुटत असतील तर मजकूर संगणकावर लिहून त्याचे चित्रच पाठवावे. तपासणीसाठी एक ओळ जवळ ठेवावी, ‘राष्ट्र, उद्धव, दुसऱ्या, ॲम्ब्युलन्स, चतुर्थी, मूर्तींचे, कृपा’. ही नीट उमटली तर बाकी सगळे उमटते.

जाता जाता एक गंमत. कॅप्चर कार्ड, संगणक आणि प्रोसेसर यांत मिळून चित्र एक दशांश सेकंद मागे पडते. भिंतीजवळ बसलेल्याला टाळ वाजल्यानंतर हात मिटताना दिसतात. आवाजाला पस्तीस मीटर जायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे पाठीमागच्यांना चित्र आणि टाळ नेमके एकत्र मिळतात. पुढच्यांनी मंचाकडे बघावे, पडदा त्यांच्यासाठी नाहीच.

चवथीच्या पावसात लावायचा पडदा पुढून-मागून आयपी ६५ (धूळ आणि पाणी आत न शिरण्याचा दर्जा) आहे का, एवढे तरी विचारावे. महिनाभर गोदामात पडून असलेला पडदा पूर्ण तेजाने सुरू करू नये. आधी तासभर दहा-वीस टक्क्यांवर चालवून आतली ओल जाऊ द्यावी.

काम सांगताना समित्यांनी फुटांबरोबर ठिपक्यांची आडवी-उभी संख्या लिहून मागावी. दोन लेयरचा प्रोसेसर, पन्नास हर्ट्‌झवरची साखळी आणि मजकुरासाठी वेगळा लॅपटॉप, वेगळा माणूस हेही कोटेशनमध्ये यावे. कॅमेरा बदलणाऱ्यालाच टंकायला बसवले की दोन्ही कामे बिघडतात. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर तिकडे पट्टीविना चित्र जावे. हातातल्या मोबाईलवर ती पट्टी निव्वळ जागा खाते. चाचणी आदल्या संध्याकाळी घ्यावी. समितीतला चष्मा लावणारा एखादा ज्येष्ठ सदस्य गर्दीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे चणे-खाज्याच्या दुकानांपाशी उभा करावा आणि त्याच्याकडून वरची तपासणीची ओळ फोनवर वाचून घ्यावी. ‘मूर्तींचे’वरचा अनुस्वार त्याला दिसला की मगच त्या रात्रीपुरती भिंत बंद करावी.

आपले,
एलईडी पडदे व चित्रमिश्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा